थुंकीवरून आजाराचा धोका सांगणारं डीएनए किट: देवगडात मागवलं, त्याचा पूर्ण अनुभव

पाचपैकी दोन स्टार. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, मला कोणा एका कंपनीशी भांडायचं नाहीये, अशी किट आता बरेच जण विकतात आणि मोबाईलवर जाहिराती सगळ्यांनाच येतात. ज्यांच्या घरात संधिवात, मणक्याचा वात, थायरॉईड, सोरायसिस, टाईप वन डायबिटीस असलं काही आहे आणि आपल्याला पण होणार का, पोरांना होणार का हा प्रश्न डोक्यात फिरतोय, त्यांनी पैसे भरायच्या आधी हे वाचावं म्हणून लिहितेय. लांबलंय, पण अर्धवट सांगून काही उपयोग नाही.

आधी दादाबद्दल सांगावं लागेल कारण किट मागवलं ते त्याच्यामुळेच. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, हापूसची बाग तोच बघतो. २४ व्या वर्षी त्याची कंबर दुखायला लागली. पाठीवर फवारणीचा पंप, पेट्या उचलणं, कलमांवर चढणं, त्यामुळे सगळे धरूनच चालले की कामाने दुखतेय. पण त्याचं दुखणं उलटं होतं आणि ते आम्हाला तेव्हा कळलंच नाही. रात्री तीनला जाग यायची, मग पडवीत येरझाऱ्या. सकाळी उठल्यावर तासभर कंबर लाकडासारखी, आणि बागेत जाऊन दोन तास काम केलं की माणूस मोकळा. आराम केला की उलट वाढायचं. आई म्हणायची, "वात तो, तुझ्या आजोबांकय होतो." बेल्ट झाला, इंजेक्शनं झाली, मालिश झाली, देवळात कौल लावून झाला, आठ वर्षं अशी गेली. मधे दोन वेळा एक डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना, डोळे आलेत म्हणून मेडिकलवाल्याकडून ड्रॉप आणून घातले. तिसऱ्या वेळी कणकवलीला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं आणि त्यांनी डोळा तपासता तपासता विचारलं, कंबर दुखते का हो तुमची? तिथून मार्ग सापडला. कोल्हापूरला संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं, एमआरआय झाला, एचएलए-बी२७ नावाच्या जनुकाची रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह आली, आणि आजाराला नाव मिळालं, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. म्हणजे शरीराची स्वतःची संरक्षण करणारी यंत्रणाच मणक्याच्या तळाशी असलेल्या सांध्यांवर उलटते, सूज धरून राहते, आणि वेळेत उपचार नाही झाले तर हाडं एकमेकांना जुळत जातात. डोळा लाल होणं हा त्याच आजाराचा भाग होता. तोवर दादाची मान पूर्ण वळत नव्हती. ती आजही वळत नाही.

गेल्या वर्षी माझीच कंबर दुखायला लागली. मी ४१ ची, काजू आणि आमसुलाचा छोटा धंदा आहे, दिवसभर बसून पॅकिंग. दादाचं सगळं डोळ्यांसमोर असल्यामुळे माझी झोप उडाली, आणि माझ्यापेक्षा मुलीची काळजी जास्त, ती १३ वर्षांची आहे. त्यात जाहिरात दिसली, घरबसल्या फक्त थुंकी द्या, २० पेक्षा जास्त ऑटोइम्यून आजारांचा (म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटते असल्या) जेनेटिक धोका जाणून घ्या. ६,५०० रुपये. आंब्याचा सीझन नुकताच संपला होता, हातात पैसे होते, भरले.

किटबद्दल तक्रार फार नाही. डबा नीट पॅक होता, आत नळी, नरसाळं, निळसर पाण्याची कुपी आणि सूचना. अर्धा तास आधी काही खायचं प्यायचं नाही, खुणेपर्यंत थुंकी भरायची, फेस धरायचा नाही, झाकण लावून हलवायचं. सूचना इंग्लिश आणि हिंदीत, मराठीत नाहीत, हे मला खटकलं. घरून पिकअप म्हणून लिहिलेलं पण आमच्या पिनकोडला पिकअप नाही, ते पैसे भरल्यावर कळलं, मग भर पावसात कणकवलीला जाऊन कुरियर ऑफिसात डबा स्वतः दिला. सहा आठवड्यांत रिपोर्ट असं सांगितलेलं, नऊ लागले. गणपतीच्या आदल्या दिवशी मेल आला, ६२ पानं.

आता मुख्य मुद्दा, रिपोर्ट.

प्रत्येक आजारापुढे रंग. हिरवा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे सरासरी, लाल म्हणजे वाढलेला. मी थेट स्पाँडिलायटिसचं पान काढलं. पिवळा. "तुमचा जेनेटिक धोका सरासरी लोकसंख्येइतकाच आहे." मी तिथेच ओटीवर बसले आणि रडले, इतकं बरं वाटलं. आईला सांगितलं, वहिनीला सांगितलं. मग पुढची पानं बघितली तर सिलिअ‍ॅकला लाल. सिलिअ‍ॅक म्हणजे गहू खाल्ल्यावर त्यातल्या ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं. खाली लिहिलेलं, तुमच्यात डीक्यू२ (हा पण एचएलए जनुकाचाच एक प्रकार) आहे, आहाराबाबत तज्ज्ञांचा सल्ला घ्या. मला वर्षानुवर्षं पोट फुगायचा त्रास आहे, त्यामुळे मी तिथल्या तिथे गहू बंद केला. आपल्याकडे ते सोपं पण वाटतं, भात, घावणे, आंबोळी, तांदळाची भाकरी आहेच. गणपतीत मोदक खाल्ले, ते तांदळाचे, करंज्यांना हात लावला नाही. सगळ्या पाहुण्यांना एकच उत्तर, रिपोर्टमध्ये आलंय.

दोन्हीकडे मी चुकत होते आणि ते मला महिन्याभराने कळलं.

कंबर काही थांबली नाही म्हणून दादाने त्याच्याच डॉक्टरांची वेळ घेतली. देवगडहून कोल्हापूर म्हणजे फोंडाघाट, दाजीपूर, राधानगरी, दिवस मोडतोच, पण आमच्याकडे असल्या आजारासाठी एक तर कोल्हापूर नाही तर गोव्याला बांबोळी, दुसरं काय. डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट हातात घेतला, ६२ पानं बाजूला ठेवली आणि आधी मलाच विचारत बसल्या. रात्री जाग येते का, किती वाजता. सकाळी किती वेळ आखडलेलं असतं. चाललं की कमी होतं का वाढतं. डोळा लाल झाला का कधी. टाच दुखते का. त्वचेला खवले आहेत का. पाऊण तास. मला आधी वाटलं रिपोर्ट बघतच नाहीयेत, पण नंतर कळलं की टेस्टचा निकाल कसा वाचायचा ते या उत्तरांवरच ठरतं.

मग त्यांनी स्पाँडिलायटिसच्या पानाची तळटीप वाचायला सांगितली, बारीक अक्षरातली, मी वाचलीच नव्हती. त्यात होतं की बी२७ आहे की नाही हे प्रत्यक्ष तपासलेलं नाही, शेजारच्या मार्करवरून, म्हणजे जनुकाजवळच्या एका खुणेवरून, अंदाज केलाय, आणि तो मार्कर युरोपियन वंशाच्या लोकांच्या अभ्यासातून घेतलाय. म्हणजे काय ते त्यांनी छान समजावलं. एचएलए जनुकं सहाव्या क्रोमोसोमवर एका पट्ट्यात दाटीने आहेत आणि अख्ख्या माणसाच्या जनुकांत सगळ्यात जास्त विविधता तिथेच आहे. असल्या किटसाठी लॅबमध्ये वापरतात त्या स्वस्त चिपला ती नीट वाचता येत नाहीत, म्हणून शेजारची सोपी खूण बघतात, कारण शेजारशेजारच्या गोष्टी पिढ्यानपिढ्या एकत्र वारशाने येतात. मॅडम म्हणाल्या, समजा कोणी पत्ता सांगितला की वडाच्या बाजूचं घर. त्या गावात वड त्या घराशेजारी आहे म्हणून पत्ता बरोबर. तोच पत्ता घेऊन तुम्ही दुसऱ्या गावात गेलात तर तिथे वड भलतीकडे असेल, किंवा नसेलच, आणि घर मात्र असेल. युरोपातली खूण तिथे जवळजवळ अचूक चालते, आशियातल्या लोकांत तीच खूण तितकी भरवशाची नाही.

त्यांनी रक्ताची बी२७ करायला सांगितली आणि पीसीआरनेच, म्हणजे जनुक थेट तपासणाऱ्या पद्धतीनेच, करा असं बजावलं, कारण दुसऱ्या पद्धतीत, फ्लो सायटोमेट्रीत, बी७ नावाचा भाऊबंद कधीकधी बी२७ म्हणून पकडला जातो. सँपल कणकवलीच्या कलेक्शन सेंटरला दिलं, १,८०० रुपये, आठवड्यात रिपोर्ट, एकच पान.

पॉझिटिव्ह.

ज्या पिवळ्या रंगावर मी ओटीवर बसून रडले तो चुकीचा होता. दादाला बी२७ आहे म्हणजे आईबाबांपैकी एकाकडून आलाय आणि मला मिळायची शक्यता निम्मी निम्मी, हे शाळेतलं गणित आहे. ऑर्डर करताना फॉर्ममध्ये मी भावाला हा आजार आहे असं लिहिलं होतं. त्या माहितीचा रिपोर्टमध्ये काही उपयोग केलेला नाही. ह्याचा मला खरा राग आहे. सख्ख्या भावाला आजार आहे हे माहीत असताना बहिणीला "सरासरी" म्हणून सांगणं हे कुठल्याही चिपपेक्षा साध्या विचारात चुकलेलं आहे, आमच्या आईला सुद्धा ते कळतं, ती आजोबांपासून मोजत होती.

पण पॉझिटिव्ह म्हणजे आजार नाही, आणि ही दुसरी बाजू मला कोणी त्या दिवशी सांगितली नसती तर मी त्याच दिवशी खचले असते. बी२७ आणि हा आजार यांचं नातं १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस अशा दोन ठिकाणच्या डॉक्टरांना स्वतंत्रपणे सापडलं. पाश्चात्य देशांत या आजाराच्या ९० टक्क्यांच्या आसपास पेशंटमध्ये बी२७ सापडतो. हे वाचलं की वाटतं झालं, संपलं. पण उलट्या बाजूने मोजा. बी२७ असलेली १०० माणसं उभी केली तर त्यातल्या ९५ किंवा जास्त जणांना आयुष्यभर हा आजार होत नाही. सख्ख्या नात्यात आजार असेल तर आजार होणाऱ्यांचा आकडा वाढतो, १० ते २० टक्क्यांच्या घरात जातो असं मॅडमनी सांगितलं, म्हणजे तरीही बहुतेकांना होत नाही. माझा एमआरआय केला, सांधे स्वच्छ निघाले. माझी कंबर दुखते ती बसून काम केल्याने, सकाळी बरी आणि संध्याकाळी वाईट, म्हणजे दादाच्या बरोबर उलट. फिजिओथेरपीने फरक पडतोय.

तीच जनुकाची आवृत्ती दादाच्या अंगात, तीच माझ्या, त्याला आजार आणि मला नाही. हे माझ्या मनाला लगेच पटेना. घरी येताना दादानेच गाडीत सांगितलं, तू कलमं बघ ना. आमच्या बागेतली वीसेक कलमं एकाच जुन्या झाडाच्या काड्यांवर बांधलेली आहेत, म्हणजे आतून सगळी अगदी एक, नावाला पण फरक नाही. पण कातळावरच्याला मोहोर आधी येतो, ओढ्याकाठच्याला करपा पडतो, एकाच्या फळात साका निघतो आणि दुसऱ्याच्यात नाही. मॅडम जुळ्यांचं सांगत होत्या ते नेमकं हेच. एकसारखी दिसणारी जुळी भावंडं, जनुकं शंभर टक्के सारखी, एकाला आमवात म्हणजे रुमॅटॉईड झाला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास. टाईप वन डायबिटीसमध्ये ३० ते ५०. स्पाँडिलायटिसमध्ये ते खूपच जास्त, ७५ टक्क्यांपर्यंत दिसलंय, म्हणजे या आजारात वारशाचा हात मोठा आहे, पण तिथेसुद्धा शंभर नाही. उरलेलं काय तर इन्फेक्शनं, आतड्यातले जंतू, सिगरेट, हार्मोन आणि बाकीची शेकडो छोटी जनुकं. आमवातात तर सिगरेट आणि एका ठरावीक एचएलए प्रकाराची जोडी जमली की धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो.

मी मॅडमना विचारलं की असलं खराब जनुक माणसात टिकलंच कसं. त्या म्हणाल्या खराब म्हणू नका. एचएलएचं काम म्हणजे पेशीच्या आत काय चाललंय त्याचे तुकडे बाहेर मांडून दाखवणं, म्हणजे पहारा देणाऱ्या पेशी येऊन बघतात की यात परका कोणी आहे का. मला एकदम आमच्या बंदरावरच्या मासेवाल्या डोळ्यांसमोर आल्या, टोपलीत वर मांडून दाखवतात ना तसं. प्रत्येकाची टोपली वेगळ्या आकाराची, एकाच्या टोपलीत बांगडा नीट बसतो, दुसऱ्याच्यात सुरमई. बी२७ ची टोपली काही व्हायरसचे तुकडे इतके नीट मांडते की एचआयव्ही झालेल्या बी२७ वाल्यांमध्ये आजार हळू पुढे सरकतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. तीच टोपली काही जणांच्या सांध्यात गोंधळ का करते ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. सगळ्यांच्या टोपल्या एकाच आकाराच्या असत्या तर एखादी साथ आली आणि गावंच्या गावं गेली असती. ही विविधता म्हणूनच जपली गेलीय आणि तिची किंमत आमच्या दादासारखी काही माणसं भरतात.

आता सिलिअ‍ॅकचा लाल रंग. तो चुकीचा नव्हता, डीक्यू२ माझ्यात खरंच आहे. पण त्याचा अर्थ लावून दिला नव्हता. डीक्यू२ किंवा डीक्यू८ साधारण तीनातल्या एका माणसात असतो, आणि अशा माणसांतल्या शंभरातल्या दोन-तीन जणांनाच सिलिअ‍ॅक होतो. ह्या टेस्टचा खरा उपयोग उलटा आहे, दोन्ही नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच असं म्हणता येतं. भारतात याचा मोठा सर्व्हे झालाय, त्यात उत्तरेत शंभरात एकापेक्षा थोडं जास्त प्रमाण निघालं आणि दक्षिणेत हजारात एक, पण डीक्यू२-डीक्यू८ वाली माणसं दोन्हीकडे साधारण सारखीच होती. फरक ताटाचा, तिकडे गहू रोजचा आणि इकडे भात. आमच्यासारख्या भात खाणाऱ्या कोकणातल्या बाईला नुसत्या जनुकावरून लाल रंग देणं म्हणजे ताटात काय आहे ते न विचारताच पथ्य सांगणं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे कृपया लक्षात ठेवा, गहू बंद केल्यावर सिलिअ‍ॅकची रक्ताची टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. ती टीटीजी-आयजीए टेस्ट अँटीबॉडी शोधते आणि ग्लूटेन थांबलं की अँटीबॉडी उतरत जातात. मी महिनाभर गहू बंद ठेवून बसले होते, त्यामुळे मला परत सहा आठवडे रोज चपाती खायला लावली, मग टेस्ट केली. नॉर्मल. माझं पोट फुगतं ते दुसऱ्या कारणाने. हे वाक्य, की आधी टेस्ट करा आणि मगच गहू सोडा, ६२ पानांत कुठेच नव्हतं. तज्ज्ञांचा सल्ला घ्या एवढं लिहिलं की जबाबदारी संपते असं त्यांना वाटतं का मला माहीत नाही, पण एखाद्या पोराचं खरं निदान यामुळे वर्षभर लांबू शकतं.

हिरव्या रंगांचं पण सांगते कारण लोक हिरवा बघून निर्धास्त होतात. पीटीपीएन२२ नावाच्या जनुकापुढे माझ्या रिपोर्टमध्ये मोठी हिरवी खूण होती. त्यातला एक बदल २००४ मध्ये टाईप वन डायबिटीसशी जोडला गेला आणि मग आमवात, ल्युपस, थायरॉईड असा बऱ्याच ऑटोइम्यून आजारांत सापडला. पण तो प्रामुख्याने युरोपियन लोकांत आढळतो, आपल्याकडे मुळातच खूप विरळ. म्हणजे देवगडात दारोदार जाऊन टेस्ट केली तरी बहुतेक सगळ्यांना ही हिरवी खूण मिळेल, आमवात झालेल्यांना सुद्धा. जगभरात जनुकं आणि आजार यांचे जे मोठे अभ्यास झालेत त्यांत तीन-चतुर्थांशाहून जास्त माणसं युरोपियन वंशाची आहेत, आणि आपले धोके त्यांच्या मोजपट्टीने मोजले जातायत. आपल्याकडे जीनोम इंडिया प्रकल्पात ८० हून जास्त लोकसमूहांतल्या सुमारे १०,००० माणसांचे जीनोम वाचले गेले आणि तो डेटा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुला झाला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे पण एचएलएवर काम होतं. रक्ताच्या बाबतीत आपल्या भागाचं वेगळेपण तर जुनं आहे, बॉम्बे ब्लड ग्रुप मुंबईतच १९५२ मध्ये डॉ. भेंडे यांनी पहिल्यांदा ओळखला. माझी मनापासून इच्छा आहे की आमच्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या पेशंटांची नोंद पण अशा अभ्यासात व्हावी, तोवर असली किट आपल्याला दुसऱ्याच्या मापाचे कपडे शिवून देणार.

कंपनीच्या काउन्सेलरशी वीस मिनिटांचा कॉल फुकट होता. मुलगी चांगली होती, घाई केली नाही. पण बी२७ पीसीआरने पॉझिटिव्ह आलाय म्हटल्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, वर कळवते म्हणाली. नंतर मेल आला की रिपोर्ट "वेलनेससाठी" आहे, निदानासाठी नाही, आणि रिफंड होणार नाही. ते वाक्य जाहिरातीत एवढ्याच मोठ्या अक्षरात असतं तर मी मागवलंच नसतं.

डेटाबद्दल एक. मी खातं बंद करून सँपल नष्ट करायला सांगितलं, तीन मेल केल्यावर झालं म्हणून उत्तर आलं. हे करावंसं वाटलं कारण अमेरिकेतल्या ट्वेंटीथ्री अँड मी या एवढ्या मोठ्या कंपनीचा २०२३ मध्ये जवळजवळ ६९ लाख लोकांचा डेटा चोरीला गेला आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, जनुकं कशी बदलणार, आणि ती माझ्या एकटीची नाहीत, दादाची, मुलीची पण आहेत. इन्शुरन्सची भीती बऱ्याच जणांना असते, तर २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सरसकट जेनेटिक आजार म्हणून क्लेम नाकारणं भेदभाव आहे असं म्हटलंय, एवढं माहीत असलेलं बरं.

मुलीचं विचारलंच मी मॅडमना, तिची बी२७ करून टाकू का. नको म्हणाल्या. तिला काही त्रास नाही, पॉझिटिव्ह आली तर आज द्यायचं असं औषध नाही, आणि १३ व्या वर्षापासून ते ओझं ती घेऊन फिरेल. त्रास झाला तर लक्षात काय ठेवायचं तेवढं ठेवा. मला ते पटायला दोन दिवस लागले. आम्ही कौल लावणारी माणसं, उजवा की डावा, एकदा काय ते देवाने सांगावं आणि मनाची घालमेल थांबावी, मी किटकडून पण तेच मागत होते. जनुकांच्या टेस्टमध्ये तसा उजवा-डावा नसतोच, आणि कंपनीने रंग लावून तो असल्यासारखं दाखवलं हा माझा मुख्य आक्षेप आहे.

दोन स्टार कशाचे तर सँपल नीट पोचलं आणि डीक्यू२ बरोबर वाचलं त्याचा एक, आणि शेवटी सांगितल्यावर डेटा काढला त्याचा एक. पैशांचा हिशोब, किट ६,५००, नेमकी पीसीआर १,८००. ज्यांच्या सख्ख्या नात्यात आजार आहे आणि स्वतःला पण काही त्रास होतोय त्यांनी संधिवाताच्या डॉक्टरांकडे जाऊन जी एक टेस्ट लागेल तीच करावी. ज्यांना काहीच त्रास नाही त्यांनी ६२ पानं मागवून काय करणार ते आधी ठरवावं. कोल्हापूरला जाताना सकाळचं आखडणं किती मिनिटं असतं ते पंधरा दिवस वहीत लिहून न्या, डोळ्यांचे जुने कागद असतील तर ते पण, त्याचा खूप उपयोग होतो.

दादा आता गेली चार वर्षं इंजेक्शनवर आहे, रोज सकाळी व्यायाम करतो, यंदा कलमांवर पण चढला.

दिवाळीत भाचा आला होता, दादाचा मुलगा, १९ वर्षांचा, कॉलेजच्या टीममध्ये क्रिकेट खेळतो. सकाळी टाच टेकवत नव्हता. वहिनी म्हणाली नवीन बुटांमुळे. मी विचारलं खेळल्यावर वाढतं का कमी होतं, तर म्हणाला कमी होतं आत्या, सकाळीच काय ते जास्त असतं, दोन महिने झाले. दादा काहीच बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. पुढच्या गुरुवारची वेळ घेतलीय. पहाटे निघायचंय, दादाची जुनी फाईल आणि माझी पीसीआर मी आत्ताच पिशवीत भरून ठेवलीय.